शुद्ध पाण्याची चाचणी

चिमणे,

दाण्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी तू बनवतेस त्या बिस्किटांत शेंगदाण्याचा अंश आहे, असा अहवाल मीच दिला. तू फोनवर कळवळून म्हणालीस, "दादा, माझ्या भट्टीत शेंगदाणा येतच नाही रे!" मी म्हणालो, "बाईसाहेब, प्रयोगशाळेत नाती चालत नाहीत." तू सगळा माल पुरून टाकलास, दुकानदारांनी पाठ फिरवली.

आज शंका आली म्हणून नुसतं शुद्ध पाणी तपासलं. त्यातही शेंगदाणा निघाला. पुस्तकं वाचून स्वतःच हे काम शिकलेला मी, ॲप्रनच्या खिशातले खारे दाणे खात नमुने कुटत होतो.

साहेबांना सांगितलं, तपासणीचं किट खराब निघालं. अहवाल बदलला. तू विचारलंस तर तुलाही तेच सांगणार आहे, म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही.

तुझा, अजून ताठ मानेने फिरणारा,
दादा