डावी भुवई

परभणी,
शिवरात्रीनंतरचा सोमवार, १९४८

प्रिय मल्लू,

हे पत्र मनकर्णा कासारणीच्या बांगड्यांच्या टोपलीतून येतंय, म्हणून कागदाला घड्या फार आणि अक्षर बारीक. लहानपणी माझ्या अक्षराला तू मुंग्यांची रांग म्हणायचास. आता त्या मुंग्या नीट वाच. तू निजामाशी लढायला हद्दीपलीकडे वऱ्हाडातल्या छावणीत गेलास त्याला आठ महिने झाले. मी अजून तिथंच आहे, तुझ्या दाजींच्या फोटोच्या दुकानामागच्या अंधारखोलीत.

दाजी गिऱ्हाइकाला बसवतात, हनुवटी वर करायला लावतात, फोटो काढतात. फोटो जिच्यावर उमटतो ती काच धुणं आणि तीवरून कागदावर छापणं मात्र नऊ वर्षं माझ्याकडे. कोणी चुकून दार उघडून उजेड आत सोडू नये म्हणून बाहेरून कडी. आत तांबड्या काचेचा कंदील, औषधाच्या थाळ्या आणि त्यातल्या हायपोचा लुगड्यातून न जाणारा वास. परभणीतले निम्मे चेहरे मला पाठ आहेत, पण मला गल्लीत कोणी ओळखत नाही. पूर्वी या कडीचं मला काही वाटत नसे. आता ती वाजली की हातातलं काम थांबवून मी कान देते, कारण आठ दिवसांपासून दुकानाच्या पायरीवर एक शिपाई बसलेला असतो.

झालं असं, की पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब स्वतः दुकानात आले. तुझा फोटो इथं आहे हे त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. दोन वर्षांमागे नागपंचमीला तू मला माहेरी न्यायला आलास तेव्हा दाजींनी आपल्याला शेजारी बसवून काढलेला तो. तू श्वास रोखून बसलास आणि मला हसू आवरेना. तुझा तेवढा एकच फोटो, आणि तोही कागदावर न छापता काचेवरच राहिलेला. त्यातला फक्त तुझा चेहरा साहेबांना हवा होता, बारा प्रती, नाक्यानाक्यावर लावायला. अंगावरची खूण काय ते फोटो बघूनच लिहू म्हणाले. दाजी एवढंच म्हणाले, "देतो, साहेब," आणि काच माझ्या हातात ठेवून त्यांनी कडी लावली. नाही म्हणाले असते तर त्यांना नेलं असतं, हे मला कळत होतं. तरी त्या घटकेला मला त्यांची किळस आली. हे तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

कंदिलापुढे काच धरली. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेला तू, पण डाव्या भुवईतली खोक स्पष्ट दिसत होती. ज्वारीतली पाखरं हाकताना माझ्याच गोफणीचा दगड लागला होता तुला, आणि अव्वाने, आई असून, मला दिवसभर जेवायला दिलं नव्हतं. ती खोक मी कशी विसरेन?

काचेची मसाल्याची, म्हणजे फोटो उमटलेली, बाजू कागदाला चिकटवून छापायचं, हा या कामातला पहिला धडा. मी काच पालथी ठेवली. पालथी ठेवली की डावं ते उजवं होतं. माझ्या बाजूवर काळा कागद लावून मी स्वतःला झाकून टाकलं, नाहीतर उजव्या नाकपुडीत गेलेल्या नथीने चहाडी केली असती. खिडकीची झडप उघडली, सात आकडे मोजले, बंद केली आणि कागद औषधात सोडला. हळूहळू तू वर आलास, खोक उजव्या भुवईत घेऊन.

अशा छपाईत चेहरा जरा पुसट येतो. दाजींनी पहिली प्रत बघितली, मग माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं, मला शिकवलं त्यांनीच ना. साहेब कुरकुरले तेव्हा म्हणाले, "काच जुनी हाय, साहेब. ह्याच्यापरीस साफ येत न्हाई." आणि बाराही प्रतींच्या पाठीवर त्यांनी दुकानाचा शिक्का मारला. वर किळस म्हणून लिहिलंय ते खोडत नाही, पण आता माझी मलाच लाज वाटते.

पुन्हा कोणी सरळ छापू नये म्हणून काच मी त्याच दिवशी फोडून चुलीमागे पुरली.

तुला कळवलं नव्हतं, पौषात अव्वाचं एक अंग लुळं पडलं. गावी तिचं करणारं कोणी नाही म्हणून मी तिला इथं आणलं. वैद्य आठ-दहा दिवसांच्या पुढचं बोलत नाहीत. रोज विचारते, "मल्लू यायलाय न्हवं?" तुला बोलवायचं धाडस होईना, म्हणून त्या बारांबरोबर तशीच चोरून छापलेली तेरावी प्रत तिच्या हातात दिली. तेवढ्यावर तिचं मन भरेल असं वाटलं. तिने चेहऱ्यावरून बोट फिरवलं, भुवईपाशी थांबली आणि फोटो परत केला. "ह्यो माजा मल्लू न्हाई, गौरा. कुनाचं लेकरू दाखवायलीस मला?"

म्हणून लिहितेय. ये. शनिवारी पोखर्णीच्या नरसिंहाला जाणाऱ्या माणसांत मिसळ, तिथून मनकर्णा तुला मागच्या बोळाने घरात आणील. वाटेत देवगाव फाट्याच्या नाक्यावर तुझा चेहरा लावलेला दिसेल. तू स्वतःला आजवर आरशातच पाहिलंस, त्यामुळे तो तुला अगदी खरा वाटेल आणि मागे फिरावंसं वाटेल. पाठ फिरवलीस तर धरतील. शिपाई कागदावर लिहिलेली खूण शोधत तुझी उजवी भुवई बघेल, त्याला बघू दे. तू सरळ चालत ये. तो तू नाहीस, अव्वाने सांगितलंय.

तुझीच,
गौराक्का