हाताशी असलेलं पुस्तक

प्रिय रत्ना,

जयभीम. तू नागपूरला नाहीस. गेला आठवडाभर हा संशय माझ्या मनात आहे, म्हणून आधी तोच लिहून टाकते.

तुझे बाबा गेले आणि आपल्याला फोनवर बोलता येईना. तू 'आई' म्हणायचीस आणि पुढे दोघींचाही आवाज फुटायचा नाही. तेव्हा तूच ही रीत काढलीस. संध्याकाळी हाताशी जे पुस्तक असेल ते उघडायचं आणि बोट पडेल ते वाक्य पाठवायचं. रडायचं नाही, ख्यालीखुशाली विचारायची नाही. मी विहाराच्या वाचनालयातलं पुस्तक चुलीजवळ घेऊन बसायची. तुझ्याकडून कधी पुतणीच्या शाळेच्या पुस्तकातला बेडूक यायचा, तर कधी वॉशिंग मशीनचं पुस्तक: 'यंत्र चालू असताना आत हात घालू नये.' त्यावर मी एकटीच हसले होते. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा.

मग गेल्या सोमवारी आलं, 'गादमाशी लागलेल्या धानाच्या पोंग्याला लोंबी येत नाही.' मी चक्रावलेच. नागपुरात तिसऱ्या मजल्यावर धानाचं पुस्तक कोण हाताशी ठेवतं? आपल्या जावयांना, विनोदरावांना तर धान आणि गवत वेगळं ओळखता येत नाही. दुसऱ्या दिवशी आलं, 'धानाचे पऱ्हे उपटताना रोपांची मुळे तुटणार नाहीत याची काळजी घ्यावी.' हे वाक्य मला पाठ आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला जेमतेम अक्षरं येत होती आणि या घरात तेवढं एकच पुस्तक होतं, कृषी खात्यानं बाबांना दिलेलं. ते धानाच्या बांधीत गेले की मी त्यावर बोट ठेवून वाचायची. रोगांची नावं वाचत वाचत मी वाचायला शिकले. बाबांच्या मागे ते पुस्तक घरात बघवेना, म्हणून मी ते तुझ्या रंभाआत्याला देऊन टाकलं.

म्हणून मी आंधळगावला फोन लावला. रंभाबाईला फक्त विचारलं, रोवणी आटोपली का. तर म्हणते, "आटोपली ना वयनी. अन् रत्ना-बित्ना नाही इकडे कोणी. थे कायले येईल?" मी तुझं नावच घेतलं नव्हतं! मागून कोणीतरी तिला गप्प केल्यासारखं वाटलं. आत्या तुझी साधी आहे, तिला खोटं बोलायला लावू नकोस. तिला ते जमत नाही.

खरं सांगते, मला राग आला. आंधळगावपर्यंत येतेस आणि आसगावला माझ्याकडे येत नाहीस? आई जड झाली का? दोन दिवस मी तुला मुद्दाम वाक्य पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना मला तुझं दिवाळीतलं बोलणं आठवलं. तुझ्या फोनवरचं सगळं विनोदरावांच्या कॉम्प्युटरवर दिसतं, असं तू सहज म्हणाली होतीस. तू हसलीस, म्हणून मीही हसले होते. म्हणजे तू माझ्यापासून लपलेली नाहीस, त्यांच्यापासून लपली आहेस. आणि तुला शोधायला ते आधी आसगावलाच येतील, हे तुला माहीत होतं. त्या वाक्यावर तुझं बोट असंच पडलं असेल, किंवा मला कळावं म्हणून तू ते पाडलं असशील. तिथे तुझ्या आतेभावाच्या पोरांची पुस्तकं काय कमी आहेत?

आता हे पत्र का, ते. आज सकाळी विनोदरावांचा फोन आला. आवाज अगदी गोड. "आई, रत्नाला द्या ना जरा." तू माझ्याकडे आहेस असं तू त्यांना सांगितलं आहेस, की ते अंदाज घेत होते, मला कळलं नाही. मी म्हटलं, ताप आहे, झोपली आहे. ते म्हणाले, रविवारी न्यायला येतो. मी म्हटलं, या. रंभाबाई फोन स्पीकरवर लावते, अख्ख्या अंगणाला ऐकू जातं, म्हणून हे पत्र शेजारच्या बेबीबाईजवळ देते आहे. तिचं माहेर आंधळगावलाच आहे. ती शनिवारी परतेल. तिच्यासोबत यायचं की तिथेच राहायचं, हे तू ठरव. रविवारी दारात मी उभी राहीन. पण काय झालं ते एवढं तरी लिहून पाठव, की मला नीट खोटं बोलता येईल. आणि त्यांच्या तोंडावर खरं बोलायची वेळ आली, तर तेही.

तुझीच,
आई