तिसरं स्मरणपत्र

४ ऑगस्ट २०२५
सुदानला धाडलेलं दुसरं स्मरणपत्रही परत आलं — ईमेलचा पत्ताच बंद! मुतासिमची पदवी तिकडची. ती खरी आहे असं तिथल्या परीक्षा विभागानं तीस तारखेपर्यंत कळवलं नाही, तर कॉलेज त्याचा एम.एस्सी.चा प्रवेश रद्द करणार. मग व्हिसा जाणार. मग पोरगं परत त्या युद्धात.
"मॅडम, ऑफिसच आधा जल गया," म्हणाला. हसत म्हणाला. मला ते हसणं बघवलं नाही.
आमचा शिपाई कडुबा म्हणतो, "तिथं सरकारच नाय राह्यलं, तुमाला जवाब कोन देईन?"

८ ऑगस्ट
सरकार आहे! एक माणूस आहे. तिथल्या परीक्षा विभागातले बशीर नावाचे म्हातारे कारकून. दीड वर्ष पगार नाही, तरी घरूनच, स्वतःच्या मोबाइलवर काम चालू. मुतासिमनं नंबर मिळवला. तासाभरात त्यांचं पत्र — पदवी खरी आहे. हातानं लिहिलेलं, काय सुरेख अक्षर! शिक्का मात्र नाही. लुटीत गेला.

११ ऑगस्ट
आमचे कार्यालय अधीक्षक अप्पारावसाहेब, त्यांनी ते पत्र टेबलावर भिरकावलं. "शिक्का नाय, जावक नंबर नाय. हे काय लग्नाचं आमंत्रण हाय? मूळ रजिस्टरचं पान मागवा."
मागवलं. बशीर लिहितात — रजिस्टर ऑफिसातच आहे, वाट बरी नाही, पुलावर गोळीबार चालतो, थोडा वेळ द्या.
कुठून देऊ?

२० ऑगस्ट
तिसरं स्मरणपत्र धाडलं. दाखल्यांच्या पडताळणीसाठी जिल्ह्यातल्या शाळांना जातो तोच मसुदा इंग्रजीत केला — "सात दिवसांत पूर्तता करावी, अन्यथा आपणांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल." शेवटची ओळ काढायची राहिली.
खोटं. राहिली नाही, ठेवली. तिच्याशिवाय कुणी हलत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.
उत्तर लगेच: "माफ करा, मॅडम. उद्या जातो."
डबा न उघडताच घरी नेला.

२३ ऑगस्ट
सारखा फोन बघते. बशीर शेवटचे ऑनलाइन — एकवीस तारीख, सकाळी सहा.

२६ ऑगस्ट
पान आलं! फोटो थोडा हललाय, पण मुतासिमचं नाव, बैठक क्रमांक, सगळं स्पष्ट. साहेबांची सही झाली. पोरगं पेढे घेऊन आलं आणि माझ्या टेबलापाशी उभं राहून रडलं. मीही रडले. कडुबानं दोन पेढे उचलले. बशीरना आभाराचा मेसेज केला.

२८ ऑगस्ट
आभाराला उत्तर आलं, त्यांच्या मुलीचं. फोटो तिनं काढलेला. रजिस्टर वडिलांच्या अंगाखाली होतं, पुलावर.
खाली विचारलंय — मॅडम, आणखी काही कागद लागेल का?