आजीच्या नावाची बांगडी

मंगळवार, ४ मार्च

छातीतली गाठ काढायचीच म्हणतात. उजवी बाजू. वर ती पोरगेलीशी नर्स सांगते, "आंटी, बांगडी घरी ठेवून या हं. त्या हाताला पुढेही सूज येऊ शकते, घट्ट काही नको." घरी ठेवून या! छत्रीच आहे जशी काही.

ही कधी उतरलेलीच नाही. सोन्यावर काळ्या मिन्यात आजीचं नाव — केओनाओना. आजी गेली तेव्हा आईने तिच्या हातातून काढली आणि तिथेच आपल्या हातात घातली. आई गेली तेव्हा मी. आमच्यात ती अशीच जाते, हातातून हातात, आणि तेही बाई गेल्यावरच. डबीत नाही, कपाटात तर नाहीच नाही. 

गुरुवार, ६ मार्च

मग आता हात कुणाचा? कलेना तिकडे लास वेगासला. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. नाताळात म्हणाली होती, "आई, तुझं दर वेळी काहीतरी असतंच." फार लागलं ते. पोटची एकुलती एक पोर, पण तिला काही कळवणार नाही. नाही म्हणजे नाही!

शनिवार, ८ मार्च

हवाईतल्या आमच्या हिलोचा पाऊस. दिवसभर कुणाशी बोलले नाही. एकदा रेडिओला उत्तर दिलं.

रविवार, ९ मार्च

कुंपणापाशी शेजारची एस्ट्रेला. तिच्या कोंबड्याच्या आरवण्यावरून आमचा कधीपासूनचा अबोला. आज तीच म्हणाली, "तोंड का उतरलंय एवढं? कोंबडा जिवंत आहे म्हणून?" आणि मी भडाभडा सगळं सांगून बसले. ऑपरेशन, बांगडी, सगळं. 

"मग घाल की माझ्या हातात," म्हणाली. "पळून पळून जाणार कुठे मी? तुझ्या कुंपणापर्यंत!"

सोमवार, १० मार्च

भांड्यांचा साबण लावून काढली. अंगठा आत दुमडलेला, एस्ट्रेला ओढतेय, मी ओरडतेय. निघाली तर मनगटावर नुसता फिकट पट्टा. मेल्यासारखं वाटलं. खरंच.

एस्ट्रेलाचा हात माझ्याहून जाड. चढवताना तिला सगळे संत आठवले. "आता मी मेल्याशिवाय ही निघत नाही बघ!" दोघी हसलो. ती गेल्यावर मी रडून घेतलं.

शुक्रवार, १४ मार्च

आटोपलं. आज घरी. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दवाखान्यात बाकीच्या खाटांभोवती माणसंच माणसं — फुलांचे हार, गाणी, पोरांची दंगल. माझ्याकडे पेजेचा डबा घेऊन एक एस्ट्रेला. बांगडी डब्यावर वाजायची तेव्हा वाटायचं, माझाच हात. मग वर बघायचे. कलेना एकदा तरी हवी होती. 

रविवार, १६ मार्च

सकाळी कलेनाचा फोन. मी हॅलो म्हणायच्या आत तिकडून, "कोण? एस्ट्रेला आंटी?" मी म्हटलं, मी बोलतेय. तर एकदम — "आई? आई, तू आहेस?"

एस्ट्रेलाने चर्चच्या जेवणाचा फोटो टाकला होता. पातेलं धरलेल्या तिच्या हातात आजीची बांगडी. पोरीने काय समजायचं? विमानतळावरून बोलत होती, इकडे यायला निघालेली. 

"आहे गं बाई, आहे," म्हटलं.