माळ बेंबीपर्यंत आली तर

३ फेब्रुवारी, सकाळ
डोळे पिवळे. भूक नाही. पोट दगड. लिव्हरच आहे. सातवीपर्यंतच शिकलो, पण शरीर मला कळतं. आजपासून चहा बंद, तेल बंद. सकाळी भुईआवळीचा रस, झोपताना त्रिफळा.
सून दीप्ती म्हणाली, "बाबा, रक्त तपासून घ्या नं." नाही. थोरला भाऊ लहानू असाच कावीळ घेऊन दवाखान्यात गेला. परत आला तो चादरीत.

४ फेब्रुवारी
जरीपटका वस्तीतल्या वैदू मारोतरावांकडून काविळीची माळ आणली. पुनर्नव्याच्या ओल्या मुळीचे बारके तुकडे, दोऱ्याने गाठी मारलेले. डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरते तशी माळ वाढते, खाली सरकते. बेंबीपर्यंत आली की आजार गेला. "डॉक्टरले विचारू नको गा," म्हणाले. विचारणार नव्हतोच. एक जास्तीची दिली. ती दीप्तीने ठेवून घेतली.
चहा एकदाच झाला. पाहुणे होते.

६ फेब्रुवारी
माळ नाकावर आली. विक्की म्हणतो, "बाबा, तुमचं डोकं लहान असन." पोटचा पोरगा, आणि हे बोलणं.
दीप्तीशी ठरलं. रविवारपर्यंत माळ बेंबीला लागली तर तपासणी नाही. नाही लागली तर तिच्यासोबत लॅबमध्ये जायचं.

८ फेब्रुवारी
माळ छातीवर. लघवी अजून पिवळी, पण माळ खोटं कशाला सांगेल?
पोह्यांवर तेलकट, तिखट तर्री घेतली. थोडीच. बऱ्या होणाऱ्या माणसाला ताकद लागते. नंतर ओकलो. आत साचलेलं निघालं. लक्षण चांगलं.

९ फेब्रुवारी, रविवार
माळ बेंबीला लागली! घरभर दाखवली.
दीप्तीने हात धरला. मला आतल्या खोलीत नेलं. जास्तीची माळ तिने आणली त्याच दिवशी कॅलेंडरच्या खिळ्यावर टांगली होती. तीही तेवढीच लोंबत होती. "मुळ्या वाळल्या, गाठी सैल झाल्या, बाबा. बस."
माझी बायको सिंधू म्हणाली, "काहून जी, खिळ्यालेही कावीळ झाली का?"
मी म्हणालो, खिळा गंजका आहे. गंज म्हणजे लोखंडाचा आजारच. कोणी ऐकलं नाही.
सगळे गेल्यावर दोन्ही माळा शेजारी धरल्या. खिळ्याची जरा लांबच भरली.

१० फेब्रुवारी
रक्त दिलं. सुई टोचलेली कळली नाही.

११ फेब्रुवारी, दुपार
रिपोर्ट आला. कावीळ बरीच वाढली आहे. डॉक्टर म्हणाले, आधीच यायला हवं होतं. रस, चूर्ण सगळं बंद. आजच भरती व्हा.
सिंधू रडली. मला घाबरायला हवं होतं. तिच्याकडे बघत बसलो.
दीप्ती पिशवी भरते आहे. "बाबा, सोबत काय काय घेऊ?"
टॉवेल घे म्हणालो.