चौथी तार

३ मार्च
चितेम्फाला पोचलो आणि पहिल्याच दिवशी जीव रमला! लुआंग्वा नदीच्या काठी मका कमरेच्या वर आलाय. वन्यजीव कचेरीने मला शेतांभोवतीच्या तारा सांभाळायला नेमलंय. हत्तीने तार ओढली की तिला जोडलेल्या लोखंडी डबीतलं बिनगोळीचं काडतूस फुटतं आणि स्वारी माघारी वळते. रोज सकाळी एकेक तार लांब काठीने ओढून पाहायची. आधी तीनदा ओरडायचं, डबीचं तोंड जमिनीकडे आहे ना ते बघायचं, निकाल खिशातल्या या वहीत टिपायचा. बायको एसनार्ट बाळाला घेऊन बावीसला येईल, तोवर चूल नीट घालून ठेवतो.

७ मार्च
माझं गाव शेजारच्या न्यिरोंगो म्हाताऱ्यांच्या सासुरवाडीजवळचं निघालं, तेव्हापासून मी त्यांचा ‘मेव्हणेबुवा’. आज माझी चाचणी बघून ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. म्हणाले, मेव्हणेबुवा, हत्तीला ढेकर ऐकवता होय? परवा तुमचा बार ऐकून त्याने शेपूटसुद्धा हलवलं नाही, माझी कणसं खात राहिला! खोटं नव्हतं, त्यांचं अर्धं शेत गेलंय. माझ्याजवळच्या जादा डब्या मागत होते. कुणाला द्यायच्या नाहीत असा नियम आहे. भीड पडली, चार दिल्या. तार ओढली की सुटून बार उडवणारी खीळ कशी बसवायची तेही ऐटीत दाखवलं. त्यांच्या घरून मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा आणि सुकी मासळी आली.

१२ मार्च
आज त्यांच्या शेतातून आलेला बार माझ्या काडतुसाचा नव्हता. धावत गेलो. त्यांचंच कुत्रं पडलं होतं, पोटात छर्रे. म्हाताऱ्याने डब्यांत शिकारीची काडतुसं भरलीत, तोंडं वाटेच्या बाजूला. मी हातापाया पडलो, इथून बायामाणसं पाण्याला जातात म्हटलं. ते म्हणाले, जागा मला पाठ आहेत, तुम्ही घोर लावून घेऊ नका. कसेबसे दोन डब्या काढायला तयार झाले. दोन राहिल्या. कचेरीला कळवायला हवं. कळवलं तर माझी नोकरी जाईल. उद्या बघू.

१६ मार्च
न्यिरोंगो गेले. भर सकाळी, स्वतःच्याच तारेत अडकून. त्यांची बायको मला विचारत होती, त्यांना असल्या डब्या दिल्या कुणी? मी मान खाली घालून निघून आलो. शरमेने मेल्यासारखं झालंय.
चौथी कुठे आहे ते फक्त त्यांना ठाऊक होतं. चौथी आहे, हे फक्त मला.

१८ मार्च
दिवसभर काठीने गवत चाचपतोय. गवत माझ्याहून उंच. एक वेल घोट्याला लागली तर तासभर जागचा हललो नाही. सापडली नाही.

२० मार्च
शेवटी गावप्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझं नाव घेऊन म्हणाले, सकाला, आम्ही उगाच हत्तीला नावं ठेवत होतो.
शेतांच्या वाटा बंद केल्या. कचेरीची माणसं परवानंतर येणार. एसनार्टला निरोप धाडलाय, येऊ नको म्हणून —

२१ मार्च
निरोप पोचला नाही. ती आधीच निघाली होती. उद्या दुपारची बस. सडकेवर जाऊन थांबतो. सडकेला मिळणारी जवळची वाट म्हणजे गावाकडून बंद केलेली जुनी पाणवाट. तिने लवकर — नको, काठी घेऊन, सावकाश —

२२ मार्च
बस लवकर आली, भोंगा ऐकू आला. मी अजून वाटेतच.
सापडली. पायाला.
ज्याला ही वही मिळेल त्याच्यासाठी: जुनी पाणवाट, मोठ्या वारुळाच्या अलीकडे, डाव्या हाताला. तार नडगीवर ताणली आहे. खीळ अर्धी बाहेर — कणाकणाने सरकते आहे. डबीचं तोंड वाटेवर, माझ्या पोटाकडे —
वारुळामागून एसनार्टचा आवाज. थांब म्हणून ओरडलो. माझा आवाज ओळखून हसली. अहो आले, आले! दोन दात आलेत याला, बघा तरी! उलट भराभर येते आहे —
ऐकत नाही. वारूळ ओलांडलं की दोघंही डबीच्या तोंडासमोर —
अजून आड आहेत, तोवरच बार उडायला हवा. आत्ताच पाय