स्टूल धरलेला फोटो

दि. १४ फेब्रुवारी

चि. सूनबाई हिस,

अनेक आशीर्वाद. आता तुला असं म्हणावं की नाही, याचा विचार करत कागद दोनदा बाजूला ठेवला. दुसरं काही सुचेना. आम्ही दोघं देवाच्या कृपेने ठीक आहोत. ह्यांचा गुडघा कुरकुरतो आणि त्याहून जास्त हे कुरकुरतात. तुझ्या घरच्या सगळ्यांना नमस्कार सांग.

पत्राला कारण आहे. आमच्याकडे कॉलेजातली एक मुलगी येते. तिचा अभ्यास असा, की घरातले फोटो समोर ठेवायचे आणि माणसाला बोलतं करायचं. नुसते प्रश्न विचारले तर लोक 'चाललंय बरं' म्हणून मोकळे होतात, फोटो हातात आला की बोलतात, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, "माझ्याकडून काय मिळणार तुला? मॅट्रिक झालेली बाई मी. घरखर्च लिहिते आणि देवाचं नाव घेते." ती म्हणाली, "काकू, फोटो तुम्हीच निवडा. मी फक्त ऐकते."

मी तो फोटो निवडला. स्वयंपाकघरातला. तो स्टुलावर चढून बल्ब बसवतोय, मी स्टुलाचा पाय धरून उभी आणि तू ओट्याला टेकून त्याला काहीतरी चिडवते आहेस. फोटो ह्यांनी काढला, म्हणून कोपऱ्यात ह्यांचा अंगठा.

मुलीने विचारलं, "यात काय चाललंय?" मी तिला मागच्या खिडकीला लावलेल्या जुन्या चादरीच्या पडद्याबद्दल सांगितलं. स्टुलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी, तेही सांगितलं. बराच वेळ बोलले. तिने मध्ये तोडलं नाही. मग हळूच म्हणाली, "आणि हे वर चढलेत ते?"

मी म्हटलं, "तो बल्ब बसवतोय."

तिने रेकॉर्डर बंद केला आणि माझ्याच घरात मला पाणी आणून दिलं.

कामावर गेलेलं माणूस ज्या घरांत परत आलं नाही, त्या घरांचा तिचा अभ्यास आहे. हे तुला वरच लिहायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला बोलले. त्या इमारतीत तारा ओढताना त्याची शिडी धरायला कोणी नव्हतं, हे माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. ह्यांच्यापाशीसुद्धा कधी बोलले नव्हते. हे आतल्या खोलीत होते, ऐकलं असणार. त्या दिवशी गुडघ्याचं नाव काढलं नाही.

आता कामाचं. तो फोटो तिला तिच्या पुस्तकात छापायचाय. त्यातल्या हयात माणसांची सही लागते. मी दिली. हे म्हणाले, "अंगठ्याचीही लागते का?" पुष्कळ दिवसांनी ह्यांच्या तोंडून असलं काही ऐकलं. तुझ्या सहीचा कागद सोबत आहे. तुझी तयारी नसेल तर तुझा चेहरा पुसट करून छापते, म्हणाली. मी म्हटलं, मग छापूच नकोस. तो तुझ्याकडे बघून हसतोय. तुला पुसलं तर लोकांना वाटेल, हा मुलगा भिंतीकडे बघून हसतोय.

पण नव्या घरी तुला हे अवघड होत असेल तर सही करू नकोस. मी मनात काही आणणार नाही. दुसरं लग्न कर, असं तुला मीच समोर बसवून सांगितलं होतं, आणि मनापासून सांगितलं होतं. तू गेल्यावर पत्र टाकायला मात्र हात धजला नाही. तुझ्या संसारात आमची सावली कशाला.

तो बल्ब अजून आहे. मी लावत नाही. ह्यांना सांगते, उगाच वीज जळते. माझा काटकसरीचा स्वभाव माहीत असल्याने त्यांना पटतं. खरं तुला सांगते. तो उडाला तर दुसरं कोणीतरी त्या स्टुलावर चढेल. म्हणून उजेड आहे तोवर भाजी चिरून घेते आणि मग पुढच्या खोलीच्या दिव्यावर भागवते. मुलीने हे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

हो असो की नाही, तुझ्या हातचं अक्षर येऊ दे. आणि कधी यावंसं वाटलंच तर संध्याकाळची ये. आत तोच दिवा लावून ठेवीन.

अजून स्टूल धरून उभी असलेली,
तुझी आई